वाय-फाय : बोर्डावरचं की वरून लावलेलं?

नवा डेस्कटॉप जुळवताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर आपण रात्र रात्र वाद घालतो. शेवटी दुकानदार विचारतो, "बोर्ड वाय-फायवालं देऊ की साधं?" आणि आपण नुसती किंमत ऐकून काहीतरी एक उचलतो. माझंही तसंच झालं. फक्त तो पीसी माझा नव्हता. मित्राच्या वडिलांच्या भोसरी एमआयडीसीतल्या वर्कशॉपसाठी होता.

काकांची पत्र्याची शेड, त्यात दोन सीएनसी, एक व्हीएमसी आणि कोपऱ्यात केबिन. ड्रॉइंग चाकणहून मेलवर यायची. आम्ही दोघांनी मोठ्या ऐटीत वाय-फायवाला बोर्ड घालून पीसी जुळवून दिला. महिनाभरात एक दिवस दुपारभर नेट येत-जात राहिलं, सुधारित ड्रॉइंग उतरलंच नाही आणि जुन्या रिव्हिजनवर चाळीस नग कापले गेले. भोक अर्ध्या मिलीमीटरने मोठं, म्हणजे रिवर्कही नाही, सगळा माल भंगारात. काका ओरडले नाहीत. "इंजिनिअरिंगला आहात ना रे?" एवढंच म्हणाले. ते जास्त लागलं.

मग आम्ही अभ्यासाला लागलो, जो खरं तर आधीच करायला हवा होता.

पहिली गोष्ट म्हणजे 'बिल्ट-इन' हा शब्द थोडा फसवा आहे. बहुतेक बोर्डांवर मागच्या पोर्टांजवळ एम डॉट टू स्लॉट असतो आणि त्यात २२ बाय ३० मिलीमीटरचं इवलंसं कार्ड बसवलेलं असतं. त्यातून दोन बारीक वायरी मागच्या अँटेनाच्या जोडणीला जातात. बाजारात वेगळं मिळणारं पीसीआय एक्सप्रेसचं कार्ड उघडून पाहा. बऱ्याचदा आत तसंच इवलं कार्ड निघतं! म्हणजे बोर्डावरचं वेगवान आणि वरून लावलेलं मंद, हे काही खरं नाही.

मग बिघडलं कुठे? अँटेनात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण १२.५ सेंटिमीटर आणि लोखंडी पत्र्यातून ती आरपार जात नाही. आम्ही पीसी लोखंडी टेबलाखाली, पाठ भिंतीला लावून ठेवला होता. अँटेनाच्या एका बाजूला कॅबिनेट, दुसऱ्या बाजूला भिंत, डोक्यावर टेबल. त्यावर शेडचा पत्रा आहेच! सुरुवातीला आम्ही वेल्डिंग मशीनलाच दोष दिला होता. ते बंद करून पाहिलं, काडीचाही फरक नाही.

पहिला उपाय केला यूएसबी डोंगलचा. तो आम्ही मागच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टात, बॅकअपच्या हार्ड डिस्कशेजारी खोचला. कॉपी सुरू झाली की नेट गचके खायचं. यूएसबी ३ च्या वायरी आणि जोडण्यांतून नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, हे इंटेलने २०१२ मध्येच लिहून ठेवलंय. डोंगल घेतलाच तर एक्स्टेंशन केबलने लांब ठेवा, आणि राउटर चालत असेल तर ५ गिगाहर्ट्झवर जोडा. भारतात २.४ चा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि ५ चा बराचसा भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये. तिथे गर्दी कमी असते, मात्र भिंती पार करताना तो लवकर दमतो.

शेवटी बोर्डावरचंच वाय-फाय ठेवलं आणि फक्त मीटरभर वायरीची, चुंबकाच्या बुडाची अँटेना आणली. ती कपाटाच्या माथ्यावर, राउटर दिसेल अशी चिकटवली. एक-दोन कांड्यांवर रडणारा सिग्नल पूर्ण भरला. (काकांचा विश्वास मात्र उडाला होता. पुढच्या आठवड्यात त्यांनी राउटरपासून सरळ लॅनची केबल ओढून घेतली. एका जागी बसलेल्या मशीनसाठी त्यांचंच बरोबर, हे मी आता मान्य करतो.)

साधं बोर्ड घेऊन नंतर कार्ड टाकणार असाल, तर दोन ठिकाणी फसायला होतं. छोट्या बोर्डावर जाडजूड ग्राफिक्स कार्ड खालचा छोटा स्लॉट झाकून टाकतं, आणि मग कार्ड हातात घेऊन बसावं लागतं. शिवाय त्यावरचं ब्लूटूथ बहुधा आतल्या यूएसबी हेडरला वेगळी वायर जोडल्याशिवाय चालूच होत नाही. 'बिघडलेलं' म्हणून परत केलेली कित्येक कार्डं एवढ्याचसाठी परत जात असावीत.

तिसरा खड्डा बोर्डावरचं इवलं कार्ड बदलणाऱ्यांसाठी. इंटेलचं एएक्स २११ स्वस्त दिसतं म्हणून घेऊ नका. ते सीएनव्हीआय प्रकारचं आहे, म्हणजे अर्धं काम इंटेलच्याच चिपसेटमध्ये होतं आणि कार्डावर मुख्यतः रेडिओ उरतो. एएमडीच्या बोर्डात ते चालत नाही. एएक्स २१० दोन्हीकडे चालतं. नावात एका आकड्याचा फरक!

वाय-फाय ६ई चं कार्ड घ्यावं का, असंही विचारतात. ६ गिगाहर्ट्झचा खालचा पट्टा (५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ) परवानामुक्त करण्याच्या नियमांचा मसुदा आपल्याकडे मे २०२५ मध्ये निघाला. राउटरच त्या पट्ट्याचा नसेल तर नुसतं कार्ड घेऊन उपयोग नाही. तेवढ्यासाठी आज महाग बोर्ड घेऊ नका. स्लॉटमधलं कार्ड पुढे बदलता येतं.

माझा हिशेब असा, की दोन्ही बोर्डांच्या किमतीतला फरक चांगल्या कार्डाहून कमी असेल तर वाय-फायवालंच घ्यावं. फक्त दुकानातच खोकं उघडून अँटेना आत आहे ना ते बघा. ती न लावता "रेंज येत नाही" म्हणणारे आमच्या हॉस्टेलवर आजही दोघं आहेत.