नाव सेंटचं, शाळा कुणाची?

दुर्गापूजा आटोपली की कलकत्त्याच्या बऊबाजारातल्या आमच्या गलाईवाल्या घरांत शाळाप्रवेशाचा विषय निघतो. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळकडची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली, त्यातली काही घरं इथल्या सराफी गल्ल्यांत आहेत. पुरुष दिवसभर भट्टीपाशी, त्यामुळे मुलांच्या शाळेचं बघायचं ते आम्ही बायकांनीच. बहुतेकींचं शिक्षण गावाकडं झेडपीच्या शाळेत मराठीतून झालेलं. बांगला बोलता येतं, वाचता येत नाही. मग शेजारीण सांगेल ती शाळा खरी. आणि शेजारणी सगळ्या एकच सांगतात, कॉन्व्हेंटला घाला.

धाकट्या दिरांच्या मुलीचं असंच झालं. सियालदहच्या पलीकडं एका गल्लीत दुमजली घरात भरणारी शाळा. नावात सेंट, दारात मेरीमातेची मूर्ती, मुलींना टाय आणि पिनाफोर. फी आमच्या दुकानाच्या मानानं भारी, पण ‘कॉन्व्हेंट आहे, मग असायचीच’ म्हणून भाऊजी भरत गेले. तीन वर्षांची पोर गेली, इंग्रजी कविता हातवारे करून म्हणायला लागली, घरात सगळ्यांना कौतुक. दुसरी झाल्यावर सासूबाई आजारी पडल्या, आणि जाऊबाई मुलीला घेऊन गावी गेल्या. तिथल्या मुख्याध्यापकांनी दाखला हातात घेतला, मागूनपुढून पाहिला आणि विचारलं, ‘यावर यूडायस नंबर कुठाय?’ शाळेचा तो सरकारी क्रमांक दाखल्यावर नव्हताच. भाऊजींनी इथं जाऊन विचारलं तेव्हा कळलं की शाळेला मान्यताच नव्हती. कुठल्या चर्चची, कुठल्या सिस्टरांची, कुठल्या ब्रदरांची ती शाळा नव्हती. एका माणसाचा तो धंदा होता आणि मूर्ती त्यानं बाजारातून आणलेली. सोन्याचा टंच बघितल्याशिवाय आमची माणसं कुणाची लगड हातात धरत नाहीत, आणि पोरीच्या एवढ्या वर्षांबद्दल कुणी एक कागद मागितला नव्हता, कारण मागायचा असतो हेच कुणी सांगितलेलं नव्हतं.

मुलीला शेवटी वयाप्रमाणे वर्ग मिळाला. शिक्षण हक्क कायद्यात तशी सोयच आहे, सहा ते चौदा वयाच्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवावं लागतं आणि दाखल्यासाठी अडवता येत नाही. पण महाराष्ट्राच्या ‘सरल’ या विद्यार्थी-नोंदीत तिचं नाव नीट लागेपर्यंत जाऊबाईंनी जे हेलपाटे घातले ते मी पाहिलेत. म्हणून माझ्या लेकीची वेळ आली तेव्हा मी आधी विचारत सुटले. जे कळलं ते लिहिते, कारण दर वर्षी कुणीतरी नवी सून पोर कडेवर घेऊन हेच विचारायला येते.

पहिला प्रश्न, शाळा चालवतं कोण? खऱ्या कॅथलिक शाळेमागं एक तर धर्मप्रांत असतो, नाहीतर सिस्टरांचा, ब्रदरांचा किंवा फादरांचा एखादा संघ. इथं ते संघ सगळ्यांना माहीत आहेत. बऊबाजारातलं सेंट जोसेफ्स ख्रिश्चन ब्रदर्सचं, पार्क सर्कसचं डॉन बॉस्को सेलेशियनांचं, सेंट झेवियर्स जेझुइटांचं. मुलींसाठी लोरेटोच्या सिस्टर, ज्या १८४१ मध्ये आयर्लंडहून कलकत्त्याला आल्या. ऑफिसात सरळ विचारावं, कुठल्या संघाची शाळा? उत्तर एका वाक्यात येतं. उत्तराऐवजी रंगीत माहितीपुस्तक पुढं आलं तर उठावं. दुसरं म्हणजे अकरा आकडी यूडायस क्रमांक मागावा आणि केंद्र सरकारच्या यूडायस प्लस संकेतस्थळावर तो घालून बघावा. शाळेचं नाव, पत्ता, कितवीपर्यंत वर्ग आहेत, व्यवस्थापन कुठल्या प्रकारचं, सगळं दिसतं. मोबाईलवर काम होतं. भाऊजींना हे कुणी आधी सांगितलं असतं तर!

मग सरकारचा भाग. आपल्याकडं कॅथलिक शाळा पूर्ण सरकारी नसते. मालकी आणि कारभार संघाचा, आणि सरकारचा हात कमी-जास्त. काहींना काहीच मदत नाही, त्यांची फी तशी. काहींना अनुदान. बंगालमध्ये मधला एक प्रकार आहे, ज्याला इथले गार्जियन लोक ‘डीए गेटिंग’ म्हणतात: सरकार शिक्षकांचा महागाई भत्ता देतं, बाकीचं शाळा फीमधून भागवते. फी किती हे विचारण्याआधी शाळा यातली कुठली ते विचारा, कारण फी पुढं कशी वाढेल हे त्यावर ठरतं.

गावाकडून फोन येतात, ‘आरटीईचा फॉर्म भर की, पंचवीस टक्क्यांत नंबर लागंल.’ आरटीई म्हणजे वरचाच शिक्षण हक्क कायदा, पंचवीस टक्के म्हणजे त्यातल्या राखीव जागा. तिथंच पुष्कळ जण फसतात. कॅथलिक शाळांसकट अल्पसंख्याकांच्या शाळांना, अनुदानित असोत की विनाअनुदानित, तो कायदा लागू होत नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा प्रमाती खटल्यातला २०१४ चा निकाल आहे. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठानं त्यावर शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठापुढं नेण्याची गरज बोलून दाखवली. पण कॅथलिक शाळेत राखीव जागा मिळेल या आशेवर बसून बाकीच्या शाळांच्या तारखा घालवू नका. लहान मुलांची मुलाखत घेऊ नये हा नियमही त्याच कायद्यातला, म्हणजे तोही इथं लागू नाही, त्यामुळे निवड कशी करतात हे शाळेलाच विचारावं लागतं.

ख्रिस्ती मुलांना आधी जागा देण्याचा कॅथलिक शाळांना अधिकार आहे, घटनेच्या तिसाव्या कलमानं शाळा चालवण्याचा हक्क दिलाय त्यातूनच तो येतो. पण सरकारी पैसा घेणारी शाळा निव्वळ धर्म, जात किंवा भाषा पाहून कुणाला दार बंद करू शकत नाही, हे एकोणतिसाव्या कलमात आहे. माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये असते. तिकडं बहुतेक कॅथलिक शाळांचा खर्च सरकार करतं, फी नाही, आणि अर्ज जागांपेक्षा जास्त आले की बाप्तिस्मा झालेल्या मुलांचा नंबर आधी. आयर्लंडमध्येही असंच चाले, पण २०१८ च्या कायद्यानं तिथल्या कॅथलिक प्राथमिक शाळांची ही पद्धत बंद केली. हे कळल्यावर मला आपल्याकडची परिस्थिती तितकी वाईट वाटेना. इथल्या वर्गांत हिंदू, मुसलमान, मारवाडी, बिहारी, बंगाली सगळ्या मुली शेजारी बसतात.

मामंजींची काळजी निराळी होती. ‘पोरगी येशूची गाणी म्हणत घरी यायची.’ त्यांना मी अठ्ठाविसावं कलम वाचून दाखवलं: सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. कॅथलिक शाळांत सहसा ख्रिस्ती मुलं धर्माच्या तासाला जातात आणि बाकीच्यांना त्या वेळी नीतिशिक्षण असतं. २०२४ मध्ये कॅथलिक बिशपांच्या राष्ट्रीय परिषदेनं आपल्या शाळांना सूचना दिल्या, की इतर धर्मांच्या मुलांवर आपल्या प्रथा लादू नका आणि सकाळी संविधानाची उद्देशिका म्हणवून घ्या. माझी मुलगी शाळेत प्रार्थना ऐकते, म्हणते, आणि घरी येऊन आजोबांबरोबर हरिपाठही म्हणते. मामंजी आता काही बोलत नाहीत.

पण या सगळ्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे, आणि ते शिकवलं सियालदहच्या लोरेटोनं. माझी मुलगी तिथं नाही, पण ती शाळा समजून घेतल्याशिवाय कुठलीही कॅथलिक शाळा निवडू नये असं माझं मत झालंय. १८५७ पासूनची शाळा, आचार्य जगदीशचंद्र बोस रोडवर. रस्ता ओलांडला की स्टेशनचा परिसर, हमाल, भाजीच्या पाट्या, फलाटावर आणि फुटपाथवर राहणारी कुटुंबं. १९७९ मध्ये सिस्टर सिरिल मूनी मुख्याध्यापिका झाल्या आणि फी न भरणाऱ्या मुलींची संख्या वाढवत त्यांनी ती निम्म्यापर्यंत नेली. १९८५ पासून रेनबो नावाचं काम सुरू झालं. रस्त्यावरच्या मुलींना शाळेच्या इमारतीत हक्कानं येता यावं, म्हणून जागा दिली आणि त्यांना शिकवायला बसवल्या शाळेच्याच मोठ्या मुली. पाचवीपासून पुढच्या. एकीला एक. ते दानधर्माचं काम म्हणून नव्हतं, वेळापत्रकातला तास होता. रस्त्यावरची पोर अक्षरओळख झाली की वयाच्या वर्गात, शक्यतो नेहमीच्या शाळेत जायची. सिस्टर सिरिल २०११ पर्यंत तिथं होत्या, २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०२३ मध्ये त्या गेल्या.

आमच्यातल्याच एका बाईंनी हे ऐकून नाक मुरडलं होतं. ‘फुटपाथवरच्या पोरींबरोबर बसवायचं तर एवढी फी कशाला?’ मला तेव्हा खरंच वाईट वाटलं. आपण स्वतः परगावी येऊन दहा बाय दहाच्या खोलीत, आम्लाच्या धुरात पोटाला लागलेली माणसं. आपल्या आईबापांनाही इथं कुणी ‘बाहेरचे’ म्हणालंच असेल. ज्या शाळेत अकरा वर्षांची मुलगी सहा वर्षांच्या मुलीचं बोट धरून ‘क’ गिरवायला लावते, तिथं त्या मोठ्या मुलीला जे मिळतं ते फी भरून मिळत नाही. म्हणून शाळा बघायला जाल तेव्हा सुटीच्या वेळी फाटकाशी उभ्या राहा. आतून कोण बाहेर येतं ते बघा. सगळ्या पूल कारमध्येच बसत असतील तर एक उत्तर मिळालं. काही चालत, काही अनवाणी भावंडांबरोबर जात असतील तर दुसरं. दोन्हीतलं कुठलं हवं ते तुम्ही ठरवा, मी माझं ठरवलं.

कॅथलिक म्हणजे इंग्रजी माध्यमच, असंही नाही. शेजारच्या एंटालीत लोरेटोच्याच आवारात बंगाली माध्यमाची सेंट मेरीज आहे, मदर तेरेसा १९४८ पर्यंत लोरेटोच्या सिस्टर होत्या आणि तिथं शिकवत. त्यामुळे माध्यम विचारा, बोर्ड विचारा, दुसरी भाषा विचारा. इथं दुसरी भाषा सहसा बंगाली किंवा हिंदी. हिंदी घेतली तर देवनागरी आयती हाती येते आणि घरी मराठी वाचायला फार कष्ट पडत नाहीत. बंगाली घेतली तर लिपी दुसरी, पण मुलगी या शहराची होते. मी बंगाली घेतली आणि मराठी घरी शिकवते.

तुम्ही कधीतरी गावी परतणार असाल तर मात्र हे फार मनावर घ्या. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यानं सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. आणि वर्षाचं गणितही जुळत नाही: बंगालच्या राज्य बोर्डाच्या शाळा जानेवारीत सुरू होऊन डिसेंबरला संपतात, आपल्याकडं शाळा जूनला उघडते. इयत्ता संपवून निघालात तरी मधले पाच-साडेपाच महिने मोकळे पडतात. ते रिकामे जाऊ देऊ नका. पहिलीची मराठी बालभारती आधीच मागवून ठेवा. दाखला, यूडायस क्रमांक, प्रगतिपुस्तक आणि फीच्या पावत्या एका फायलीत ठेवा. पावती शाळेच्या नावाची आणि शिक्क्याचीच घ्या. प्रवेश करून देतो म्हणून दुकानात येणारे एजंट पूजेनंतर हमखास फिरतात, त्यांच्याकडं ना पावती असते ना शिक्का.