पाइन की मोरपंखी? अंगणातल्या झाडाचा हिशेब

दुकानासमोर किंवा घराच्या चौकात एखादे ठेंगणे, बारमाही हिरवे झाड असावे, हा शौक आता आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंतही दिसतो. मात्र रोप घेताना कापडाचाच नियम पाळावा: नावावर जाऊ नये, पोत पाहावा.

खरा पाइन म्हणजे हिमालयातल्या चीडच्या जातकुळीचा. त्याच्या सुया बहुधा २, ३ किंवा ५ च्या जुडीत येतात. 'ख्रिसमस ट्री' म्हणून मिळणारा अरोकेरिया हा दक्षिण पॅसिफिकच्या बेटांवरचा. तो पाइन नव्हे. कोकण किनाऱ्यावरचा सुरूही पाइन नाही. त्याची 'सुई' ओढली की सांध्यावर तुटते, आणि जमिनीत लावल्यास तो घरापेक्षा उंच जातो.

बागेसाठी नावाजलेला ठेंगणा पाइन म्हणजे मुगो. तो युरोपातल्या डोंगरांचा, थंडीत वाढणारा. मेडशीकडे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते. ऊन वरून भाजते, ओल खालून मुळे कुजवते. असा माल येथे घाट्याचाच.

आपल्या हवेला मानवणारे सूचिपर्णी झाड म्हणजे मोरपंखी. मूळ चीनकडचे, पण विदर्भातही चांगले रुळलेले. लावण्याची रीत अशी:

१. पाऊस सुरू झाल्यावर, जून-जुलैत लावावे. भिंतीपासून २ ते ३ फूट अंतर ठेवावे. तापलेली भिंत पाला करपवते.

२. काळ्या मातीत मुरूम किंवा वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळावे. कुंडीच्या भोकावर खापराचा तुकडा ठेवावा.

३. उन्हाळ्यात सकाळी पाणी द्यावे, पण वरची माती सुकल्यावरच. अधूनमधून पाल्यावरही पाणी मारावे. त्याने धूळ व लाल कोळी कमी होतो.

४. कात्री फक्त हिरव्या शेंड्यांना लावावी. आतल्या उघड्या, तपकिरी लाकडापर्यंत कापल्यास तेथे पुन्हा फूट येत नाही आणि झाडाला कायमचे भगदाड पडते.

मोरपंखीचा पाला गुच्छांतही वापरतात. फूलवाल्याशी आधी बोलून ठेवल्यास छाटणी वाया जात नाही. पहिल्या वर्षी एकच रोप घ्यावे. त्याने एक उन्हाळा काढला, तरच दुसऱ्यावर पैसा घालावा.