मोटार बंद केली का?

प्रश्न : मुलगा २६ वर्षांचा. रात्री पाणी देऊन झालं की मोटार बंद केली का हे बघायला चार-चार वेळा विहिरीवर जातो. स्टार्टरचा फोटो काढून आणतो, तरी खात्री पटत नाही. वर्षभर गोळ्या चालू आहेत. डोक्याला मशीन लावून बरं करतात म्हणे. तो शॉकच ना?
– एक आई, लोणी (ता. आंबेगाव)

उत्तर : नाही ताई, शॉक नव्हे. भूल लागत नाही, मुलगा खुर्चीत जागा असतो. डोक्यावरच्या कॉइलमधून चुंबकीय ठोके देतात. टकटक आवाज येतो, कधी डोकं दुखतं. क्वचित फिट येऊ शकते. म्हणून फिट्स येत असतील किंवा डोक्यात धातू बसवला असेल, तर आधीच सांगा.

आपल्याकडे ज्याला मंत्रचळ म्हणतात, त्या ओसीडीसाठी अमेरिकेने या उपचाराला २०१८ मध्ये परवानगी दिली. त्यामागच्या चाचणीत खऱ्या मशीनने ३८ टक्के रुग्णांना फरक पडला, खोट्या मशीनने ११ टक्क्यांना. म्हणजे उपयोग आहे, जादू नाही. शिवाय आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. लोणीहून पुण्याच्या खेपा मोजा!

मला आधी वेगळंच विचारायचंय : गोळ्यांचा डोस पुरेसा होता का? ओसीडीला तो नैराश्यापेक्षा बहुधा जास्त लागतो. आणि ‘ईआरपी’ झाली का? त्यात स्टार्टर एकदाच बघून घरी यायचं, जीव कासावीस झाला तरी परत जायचं नाही, हे तज्ज्ञ टप्प्याटप्प्याने शिकवतात. तुम्हीही ‘बंद आहे रे बाळा’ म्हणणं हळूहळू कमी करायचं.

गोळ्या मनाने बंद करू नका. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोला.