पाकिटाची मागची बाजू

अकोल्याला माझ्या वडिलांना रक्तदाब आहे. वरचं मीठ बंद, लोणचं-पापड बंद, तरी आकडा चढलेलाच. डॉक्टरांनी गोळीही वाढवली. दिवाळीत अमरावतीहून गेले, तेव्हा उशाशी चिवड्याचं पाकीट दिसलं. "बाई, हा तं भाजलेला हाये, तळलेला नाही. चालते मले," बाबा म्हणाले. समोर तसंच छापलं होतं. मागे बारीक अक्षरांत होतं : १०० ग्रॅममध्ये सोडियम ९०० मिलिग्रॅम. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ निघतं, म्हणजे सव्वादोन ग्रॅम. २०० ग्रॅमचं पाकीट दोन दिवसांत संपायचं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराचं मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. त्यातलं जवळपास निम्मं एकट्या चिवड्यातून जात होतं. भाजी अळणी खाऊन उपयोग काय?

पाकीट घ्यायचं तर आधी उलटं करा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. समोर 'मल्टिग्रेन' आणि मागे पहिलं तांदळाचं पीठ, दुसरं पामतेल, ज्वारी-नाचणी शेवटी, असं असेल तर पैसे कशाचे देतोय ते कळतं.

मग आयएनएस क्रमांक, म्हणजे पदार्थात मिसळलेल्या द्रव्यांचे ठरलेले आकडे, पाहा. प्रत्येक क्रमांक म्हणजे विष नव्हे. ३३० हे सायट्रिक आम्ल, लिंबातही असतं. पण १०२ आणि ११० हे पिवळा-नारिंगी कृत्रिम रंग. १०२ ने काहींच्या अंगावर पित्त उठतं. युरोपात २०१० पासून यातला कुठलाही रंग असलेल्या पदार्थांवर 'मुलांच्या वागण्यावर व एकाग्रतेवर परिणाम होऊ शकतो' असा इशारा छापतात. लेकरांना रोज पिवळेधमक पोंगे देणाऱ्या आईबापांनी एवढं तरी वाचावंच.

६२१ म्हणजे एमएसजी, चव वाढवणारं मोनोसोडियम ग्लुटामेट. २०१५ मध्ये शिसं आणि एमएसजीवरून मॅगी नूडल्सवर बंदी आली; मुंबई उच्च न्यायालयाने ती उठवली आणि फेरचाचणीत शिसं मर्यादेतच निघालं. पण ग्लुटामेट वरून न घालताही घटकांमधूनच येऊ शकतं, हे तेव्हा घरोघरी कळलं. त्यामुळे समोर छापलेल्या 'एमएसजी नाही'वर विसंबू नका. ६२७, ६३१ हे चव वाढवणारे घटक दिसले आणि घरात कुणाचं युरिक अॅसिड वाढलेलं असेल, तर डॉक्टरांना विचारा.

खाऊन त्रास झालाच तर पाकीट फेकू नका, दवाखान्यात सोबत न्या. बॅच क्रमांक आणि १४ अंकी परवाना क्रमांक त्यावरच असतो. अमरावती असो की अकोला, अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करताना तोच कामी येतो.