सूत्रातली नेमकी खूण ठळक करा

दुकानात संगणक आला की हिशेब ठेवणाऱ्या मुलासाठी एक सूचनापत्रक करावे लागते. त्यात एक्सेलचे सूत्र नमुना म्हणून लिहून दिले जाते. पण त्या सूत्रातल्या कोणत्या भागाला हात लावायचा नाही, हे बहुधा कोणी दाखवत नाही. नुकसान तिथेच होते.

समजा, बी२ या सेलमध्ये मालाची किंमत १००० रुपये आहे आणि ई१ मध्ये जीएसटीचा दर १८. कराचे सूत्र असे:

=बी२*$ई$१/१००

(टाइप करताना अक्षरे व आकडे इंग्रजीच हवेत.)

उत्तर १८० येते. हेच सूत्र खालच्या ओळींत ओढले की बी२ चे बी३, बी४ होत जाते. ते हवेच आहे. ई१ मात्र जागचे हलता कामा नये, म्हणून $ ही खूण. नवख्या मुलाला तो डॉलर वाटतो आणि आपला व्यवहार रुपयांत, म्हणून तो खूण काढून टाकतो! पहिल्या ओळीत उत्तर तरीही १८० च येते, त्यामुळे शंका येत नाही. दुसऱ्या ओळीत सूत्र ई२ कडे पाहते. तो सेल रिकामा, म्हणून कर शून्य. गिऱ्हाइकाकडून घ्यायचा राहिलेला कर मग व्यापाऱ्याच्या खिशातून जातो.

म्हणून नमुन्यात फक्त त्या दोन खुणा ठळक व जाड छापाव्यात. सगळे सूत्रच ठळक केले तर नजर कुठेच थांबत नाही. निव्वळ रंगावर विसंबू नये. पिवळी रेघ झेरॉक्समध्ये उडून जाते आणि लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसेही असतात. लक्ष वेधण्यासाठी सूत्राच्या आत तारका तर मुळीच घालू नये. एक्सेल तिला गुणाकार समजते. बाण किंवा क्रमांक सूत्राबाहेर, शेजारी द्यावा. खुलासा लगेच खालच्या ओळीत: ‘$ काढू नये. दर बदलल्यास फक्त ई१ बदलावा.’

प्रोग्रामचा कोड छापतानाही हेच. युनिक्स प्रणालीच्या माहितीपुस्तिकांत जसेच्या तसे टाइप करायचे शब्द ठळक आणि आपल्याकडचे नाव घालायचे शब्द तिरपे छापण्याचा रिवाज आहे. मराठी पत्रकात तिरप्याऐवजी खाली रेघ बरी दिसते.

पत्रक तयार झाले की संगणकाला नवख्या अशा एखाद्याच्या हाती द्या, तोंडाने काही सांगू नका आणि तीन ओळींचा कर काढायला लावा. तिसऱ्या ओळीत शून्य आले, तर पत्रक पुन्हा लिहा.