प्रौढांचा पाठ आणि प्रौढांची परीक्षा



तुमच्या घरात लिहिता-वाचता न येणारे कोणी आहे काय? आई असेल, सासूबाई असतील, चुलते असतील. ‘आता या वयात कुठं डोक्यात शिरतंय,’ असे ते म्हणतात, आणि आपण शिकलेली मुलेही ते खरे मानून गप्प बसतो. पण प्रौढ माणूस शिकत नाही तेव्हा दोष बहुधा त्याच्या डोक्यात नसतो, आपल्या पाठात असतो. हे मी एका चुकीतून शिकलो.

मी शाळेत शिक्षक आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात मी प्रौढांचा वर्ग सुरू केला. चौथीच्या मुलांना शिकवतो तसाच ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत शिकवू लागलो. महिन्याने वीस गुणांची परीक्षा घेतली आणि सर्वांसमोर गुण वाचून दाखवले. एका मावशींना चार गुण मिळाले. त्या काही बोलल्या नाहीत. पाटी पुसली, भिंतीशी ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून आल्याच नाहीत. याच मावशी बचत गटातल्या बायकांचा पैसा न् पैसा तोंडी सांगत असत. कोणाचा हप्ता राहिला, कोणाचे व्याज किती झाले, हे त्यांना विचारूनच गट चाले. मी मात्र त्यांना चार गुणांची बाई ठरवले होते.

चुल्लपंथकाची कथा

धम्मपदाच्या अट्ठकथेत चुल्लपंथक भिक्खूची कथा आहे. त्याचा थोरला भाऊ महापंथक हा विद्वान भिक्खू होता. त्याने धाकट्याला चार ओळींची एक गाथा पाठ करायला दिली. चार महिने गेले तरी ती पाठ होईना. पुढची ओळ घ्यावी तर मागची निसटे. शेवटी थोरल्याने ‘तू या संघाच्या कामाचा नाहीस,’ म्हणून त्याला निघून जाण्यास सांगितले.

तथागतांनी त्याला थांबवले. त्यांनी तीच गाथा पाचव्या महिन्यात पुन्हा घोकायला लावली नाही. त्याच्या हाती एक स्वच्छ वस्त्र दिले आणि ते हाताने चोळत राहा, असे सांगितले. चोळता चोळता पांढरे वस्त्र मळले. ते पाहून चुल्लपंथकाला अनित्यता समजली, मनाचा मळही समजला. पुढे जीवकाच्या घरी भोजनदानानंतर अनुमोदनाचे प्रवचन देण्यास तथागतांनी त्यालाच सांगितले, आणि त्याने ते उत्तम दिले.

या कथेत चमत्काराचा भागही आहे. तो बाजूला ठेवू. आपल्या कामाच्या गोष्टी दोन आहेत. महापंथक विद्वान होता, पण त्याच्याजवळ एकच पद्धत होती. तथागतांनी शिष्य तोच ठेवला आणि पाठ बदलला. दुसरी गोष्ट परीक्षेची. चुल्लपंथकाची परीक्षा प्रत्यक्ष कामात झाली. जे समजले ते लोकांना सांगायचे, हीच त्याची परीक्षा.

पाठ कसा तयार करावा

पहिली गोष्ट वेळेची. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी व मजुरांसाठी शाळा काढली ती रात्रीची. शिकणाऱ्याचा दिवस कामाचा असतो, म्हणून वेळ त्याच्या सोयीने ठरवावी. रोज अर्धा तास पुरे, पण त्यात खंड नको.

दुसरी गोष्ट शब्दांची. ‘अ’पासून सुरुवात करू नका. त्यांच्या तोंडी रोज असलेल्या शब्दापासून करा. पहिला शब्द ‘काम’ घ्या. त्यात क, म आणि काना आहे. तेवढ्यातून मका, मामा, काका हे शब्द होतात. पुढचा शब्द ‘नाव’ घ्या. आता न आणि व मिळाले. त्यातून कान, नाक, मन, मान, नवा असे कितीतरी शब्द होतात. चार अक्षरे आणि एक काना एवढ्यावर पहिल्या आठवड्यातच माणूस दहा-बारा शब्द वाचतो. मग पुढच्या आठवड्यात यायला त्याला सांगावे लागत नाही.

तिसरी गोष्ट गणिताची. प्रौढांना हिशेब येतो, आकडा लिहिता येत नाही. रेशनच्या प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी महिना ५ किलो धान्य मिळते. घरात ४ माणसे असली तर किती, असे विचारा. ‘वीस किलो’ हे उत्तर लगेच येईल. मग तेच ५, ४ आणि २० पाटीवर लिहून दाखवा. त्यानंतर रेशनची पावती हाती द्या आणि २० कुठे छापले आहेत ते शोधायला सांगा. पाव, अर्धा, सव्वा, दीड, अडीच हेही त्यांना येतेच. जे येते त्यावरूनच पुढे चला.

परीक्षा कशी घ्यावी

आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना त्रिसरण-पंचशील तोंडपाठ असते. पुस्तक समोर धरून ते म्हणतात तेव्हा वाचत आहेत असे वाटते. येथे फसू नका. मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून ‘हे काय आहे?’ असे विचारा. पाली शब्दांत जोडाक्षरे पुष्कळ असल्याने हा पाठ अक्षरे पक्की झाल्यावरच घ्या.

खरे वाचन आले की नाही, हे पाहण्याचा सोपा उपाय असा : शिकवलेल्या अक्षरांतून न शिकवलेला शब्द द्या. ‘काम’ आणि ‘नाव’ शिकलेल्या माणसापुढे ‘मानव’ लिहा. त्याने तो जुळवून वाचला तर त्याला वाचता येऊ लागले. नाही वाचला तर तुमचा पाठ कुठे कमी पडला ते पाहा. पंधरा दिवसांनी तेच पुन्हा विचारा, कारण सराव नसला की अक्षर विसरते.

गुण देऊ नका, दिलेच तर चारचौघांत वाचू नका. एका वहीत तारीख घालून काय करता आले तेवढे लिहा : ‘बसची पाटी वाचली’, ‘बँकेच्या स्लिपवर रक्कम अक्षरी लिहिली’.

सरकारी परीक्षाही आहे. नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेला असून तो १५ वर्षांवरील निरक्षरांसाठी आहे. त्याची परीक्षा १५० गुणांची असते : वाचन ५०, लेखन ५० आणि संख्याज्ञान ५०. महाराष्ट्रात १७ मार्च २०२४ रोजी ती झाली. प्रमाणपत्र जरूर मिळवावे. पण घरची तयारी वरच्यासारखी झालेली असेल, तरच माणूस त्या बाकावर न घाबरता बसेल.

आता मावशींचे सांगतो. मी त्यांच्या घरी गेलो आणि माफी मागितली. पुढचे पाठ बचत गटाच्या वहीवरून घेतले. पुढील वैशाख पौर्णिमेला विहाराच्या वर्गणीची यादी मी लिहिली होती. मावशींनी ती हातात घेतली, बोट ठेवीत खाली आल्या आणि म्हणाल्या, ‘सर, हे नाव दोनदा लिवलंय बघा.’ चूक माझी होती आणि ती त्यांनी वाचून काढली. त्या दिवशी मी वहीत तेवढेच लिहिले.

या पंधरवड्याचा स्वाध्याय

१. घरातल्या निरक्षर माणसाला काय काय येते, याची यादी करा. न येणाऱ्याची करू नका.
२. त्याला विचारून रोजचा अर्धा तास ठरवा.
३. ‘काम’ आणि ‘नाव’ हे दोन पाठ घ्या.
४. पंधराव्या दिवशी ‘मानव’ हा शब्द पुढे ठेवा आणि थांबा. तुम्ही वाचून दाखवू नका.

जय भीम!