मागच्या पानावरची बारीक अक्षरं

मशीन कसं डिझाइन करायचं हे आपल्याला चार वर्षं शिकवतात. ते परदेशातल्या गिऱ्हाइकापर्यंत पोचतं कसं, हे मात्र सिलॅबसमध्ये नाही. कारखान्यातून ट्रक, मग न्हावा शेवा बंदर, कस्टम्स, जहाज, पलीकडे पुन्हा ट्रक. हे सगळं जमवून देणारा तो फ्रेट फॉरवर्डर. त्याच्या कागदाच्या मागे फिकट शाईत ज्या अटी छापलेल्या असतात त्यांना म्हणतात स्टँडर्ड टर्म्स अँड कंडिशन्स. त्या कुणी वाचत नाही, आणि माल फुटला की पहिल्यांदा त्याच उघडल्या जातात.

पहिला प्रश्न, हा माणूस आपला एजंट की स्वतः वाहतूकदार? एजंट असेल तर चांगली शिपिंग कंपनी निवडणं, कागदपत्रं नीट करणं एवढीच त्याची जबाबदारी. वाहतुकीचं डॉक्युमेंट त्याने स्वतःच्या नावाने दिलं असेल तर साधारणपणे पूर्ण प्रवास त्याच्या गळ्यात. बऱ्याच फॉर्ममध्ये दोन्ही दारं उघडी ठेवलेली असतात, तेव्हा हे आधी विचारून घ्यावं.

आता खरी गंमत. भरपाई मालाच्या किमतीवर मिळते असं आपण धरून चालतो. आपल्याकडे भारतातून बाहेर जाणाऱ्या मालासाठी 1993 चा मल्टिमोडल वाहतूक कायदा आहे. वाटेत समुद्रप्रवास असेल आणि मालाची किंमत डॉक्युमेंटवर जाहीर केलेली नसेल, तर मर्यादा आहे किलोला 2 एसडीआर किंवा पॅकेजला 666.67 एसडीआर, यातलं जे जास्त असेल ते. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक. पाच चलनांवरून ते ठरतं आणि रुपयांत शंभराच्या वर जातं. याचा ग्राफ काढा. साधारण 333 किलोपर्यंत आडवी रेष, मग चढ. पाच टनी लेथला 10,000 एसडीआरपर्यंत मिळू शकतात. पण समजा 40 किलोच्या खोक्यात 12 लाखांची सर्किट बोर्डं आहेत. वजनाने येतात 80 एसडीआर, पॅकेजने 666.67, म्हणजे लाखसुद्धा नाही! बाकीचे अकरा लाख कारखानदाराचे गेले. हलकं, छोटं आणि महाग हेच आपण इंजिनिअर लोक बनवत सुटलोय, आणि नियम मात्र लोखंडाच्या वजनाने तोलतो.

पॅकेज म्हणजे काय, हेही कागदावर ठरतं. डॉक्युमेंटवर ‘1 पॅलेट’ लिहिलं तर ते एकच पॅकेज. ‘1 पॅलेटवर 20 खोकी’ लिहिलं तर वीस. एवढ्या एका ओळीने मर्यादा वीसपट होते. ही ओळ बहुतेक वेळा डिस्पॅचमधला ज्युनिअर भरतो, म्हणजे उद्या आपणच.

मुदतही छोटी आहे. याच कायद्यात दावा नऊ महिन्यांत लावावा लागतो. पत्रापत्रीतच एवढे महिने सहज जातात.

आणखी एक अट म्हणजे लिएन. जुनी बिलं थकली म्हणून नवीन माल अडवून ठेवायचा हक्क. 1872 च्या कराराच्या कायद्यातलं कलम 171 हा हक्क आपोआप फक्त बँका, अडते, धक्केवाले, हायकोर्टाचे अॅटर्नी आणि विमा दलाल यांना देतं. फॉरवर्डर त्या यादीत नाही, म्हणून तो करारात लिहून घेतो.

‘मी वाचलंच नव्हतं’ म्हणून सुटका होते का? सही केली असेल तर सहसा नाही. 1956 च्या स्पर्लिंग विरुद्ध ब्रॅडशॉ या इंग्लिश खटल्यात संत्र्याच्या रसाची आठ पिंपं गोदामात खराब झाली. गोदामवाल्याची अट मालकाने वाचली नव्हती, पण तसेच कागद त्याला आधी अनेकदा आले होते, म्हणून ती लागू झाली. तरी न्यायमूर्ती डेनिंग म्हणाले की काही अटी इतक्या जाचक असतात की त्या लाल शाईत छापून बोट दाखवणारा लाल हात काढावा लागेल.

त्या बोर्डांसाठी दोन उपाय उरतात. किंमत डॉक्युमेंटवर जाहीर करणं (मग भाडं वाढणार), नाहीतर मालाचा विमा. विमा फॉरवर्डर आपणहून काढत नाही. तसं त्याला लेखी कळवावं लागतं, आणि तेही माल निघायच्या आधी.